एका घोंगडीत दोन एडके

सोलापूर,
बुधवार

प्रिय ऋतुराज,

गौसचाचाचा सलाम. हे पत्र तुझ्याआधी तिथले साहेब उघडून वाचतील हे मला ठाऊक आहे. वाचू देत. साहेब, तुम्हालाही नमस्कार. अक्षर लागलं नाही तर राग मानू नका. शाळा सातवीपर्यंतच झाली आणि त्यातलंही निम्मं वर्ष मी मेंढरांच्या बाजारात असायचो.

तू येत्या सोमवारी सुटणार म्हणून वस्तीवर गडबड चालू आहे. तुझ्या आईनं, गोजरवहिनीनं, छपरावरचे पत्रे बदलून घेतले. वैष्णवीनं कारखान्यातून आठवड्याची रजा काढलीय. ती अजून अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्याच टॉवेलच्या मागावर आहे, मागांच्या खडखडाटानं आता घरातसुद्धा ओरडून बोलते, आणि वहिनी म्हणते, "आगं, मी बहिरी न्हाय, तू झालीस." मेंढरं पूर्वीएवढी राहिली नाहीत, पण जी आहेत ती सगळी काळीच. दुसऱ्या रंगाचं एकही जनावर वहिनीनं वाड्यात येऊ दिलेलं नाही. तुझ्या बापाचा हट्ट तिनं सांभाळलाय. तुझी चाची झीनत विचारत होती, तुला अजून खिमा आवडतो का. मी म्हटलं, पाच वर्षं आत काढलेल्या माणसाला काय आवडतं ते तोच येऊन सांगेल.

आता जे ऐकलं ते लिहितो. गेल्या शनिवारी वैष्णवी तुला भेटून आली. रविवारी पाळी सुटल्यावर मी तिला गाडीत घेतलं, वस्तीकडेच निघालो होतो. ती शेजारी बसून तोंडावर ओढणी धरून आईशी फोनवर बोलत होती. तिला वाटलं, इंजिनाच्या आवाजात म्हाताऱ्याला काय ऐकू येणार. माझे कान तुला माहीत आहेत. पन्नास मेंढरांतल्या एकाच्या फुफ्फुसात पाणी झालंय हे मी त्याच्या नुसत्या खोकण्यावरून सांगतो. ह्या कानांच्या जिवावरच आतडी धुणारा गौस दोन गाड्या आणि मटणाच्या दुकानाचा मालक झाला. पोरगी म्हणत होती, "दादा म्हनतोय, त्येचा एक हात ऱ्हायलाय. सुटलो की पयलं तिकडं, मग घरी." पलीकडून वहिनीचा नुसता श्वास ऐकू आला. मी वैष्णवीला विचारलं, काय गं, टॉवेलांचं काम कसं चाललंय? ती म्हणाली, "झकास."

दुसऱ्या दिवशी मी सोमशेखरकडे गेलो. का गेलो ते पुढे कळेल. दारात लाकडाचा ढीग होता आणि तो डाव्या हातानं बाभूळ फोडत होता. उजवं मनगट तू तोडलंस तिथं आता कातडीची गुळगुळीत गाठ आहे. त्या गाठीनं ओंडका दाबून धरतो आणि डाव्यानं कुऱ्हाड मारतो. पहिल्या वर्षी त्याचे घाव वाकडे पडायचे, पायात जायचे. आता एका घावात ओंडक्याची दोन फाडं होतात. त्याची बायको अक्कम्मा त्याच्या शर्टाची बटणं लावायला बाहेर आली, तेवढ्यापुरता थांबला, लहान मुलासारखी मान वर करून उभा राहिला. मग मला म्हणाला, "सोमवारी सुटतोय म्हनं तुमचा पैलवान. येऊ दे की. माजाबी एक हात हाय अजून." अक्कम्मा कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटली. तिला वाटलं, मला समजलं नाही. ती म्हणाली होती, ह्या घरातून तिरडी निघाली तर माझीच आधी निघू दे.

म्हणजे सोमवारी दोघांपैकी एक जण मरणार, आणि उरलेला पुन्हा आत जाणार. ते होऊ नये म्हणून मी हा कागद काढलाय. ऋतुराज, सोमशेखरनं तुझ्या बापाला मारलं नाही. कागद चुरगाळू नकोस. पुढे वाच. तो भला माणूस आहे असं मी म्हणत नाही. त्याच्या तुरीत आपली मेंढरं शिरली तेव्हा त्यानं गाभण मेंढीच्या मानेवर कुऱ्हाड घातली होती, ती मी पाहिलीय. पहिल्या घावात मान तुटली नाही. मेंढी चार पावलं चालली. त्यानं दुसरा घाव पाठीवर घातला, तिसरा पोटावर, आणि तिसऱ्या घावाला आतलं कोकरू बाहेर आलं. तुझा बाप तात्याबा तिथंच बांधावर मातीत बसला. सोमशेखर कुऱ्हाड पुसत सगळ्यांदेखत म्हणाला, "फुडच्या टायमाला मेंढरू सोडतो, मेंढक्याला धरतो." हे वाक्य गावातल्या प्रत्येकानं ऐकलं. त्याला महिना झाला नाही तोवर तात्याबा मेंढरांच्या पाण्याच्या दगडी डोणीपाशी मरून पडलेला सापडला. छाती आत गेलेली, डोकं फुटलेलं. तेव्हा गावाला, तुला आणि फौजदारालासुद्धा ते वाक्यच आठवलं, त्यात तुमची चूक नव्हती. सोमशेखर म्हणत होता मी एकटाच रानात होतो, आणि एकट्याला साक्षीदार कुठून मिळणार? पुरावा नाही म्हणून सोडला त्याला. तुला वाटलं, पैसे चारून सुटला.

तुझ्या बापाविषयी थोडं लिहू दे. मी आतड्यांची पाटी सायकलवर बांधून गावोगाव फिरायचो तेव्हा मला वाड्यात बसवून भाकरी देणारा तो एकटा. मी त्याला बाजार शिकवला, त्यानं मला मेंढरू शिकवलं. तो म्हणायचा, "गौस, ह्ये जनावर दोनदा देतं. जित्तेपनी लोकर, मेल्यावर मटान. दोनीचा मान ठेवावा." लोकरीला आता कुणी विचारत नाही, लोक कातरून बांधावर टाकून देतात, माडग्याळसारखं उंच, बिनलोकरीचं जनावर पाळतात. त्यानं लोकरीची दख्खनी मेंढी सोडली नाही. वर्षातून दोनदा स्वतः कातर घेऊन बसायचा. आणि त्याचा तो फोन! तात्याबाला फोन उचलता यायचा, बंद करता कधी आला नाही. बोलणं झालं की तसाच बंडीच्या खिशात टाकायचा. मी दुकानात बसून दहा-दहा मिनिटं ऐकत राहायचो. घंटा, मेंढरांचं ओरडणं, वहिनीच्या शिव्या. झीनत विचारायची, कुणाशी बोलताय? मी म्हणायचो, रेडिओ लावलाय.

तुला कातरणीचा नेम आठवतोय ना? तू लहानपणी चिमटीत राख घेऊन पळायचास. साहेबांसाठी सांगतो. एडक्याची, म्हणजे मेंढ्याची, लोकर काढली की त्याचा वास जातो, रूप जातं. कालपर्यंत एका वाघुरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, अंगाला अंग लावून झोपलेले दोन एडके एकमेकांना ओळखत नाहीत. समोर परका उभा आहे असं समजून टकरा घेतात, आणि एक पडल्याशिवाय थांबत नाहीत. म्हणून कातरल्यावर दोघांच्या नाकाला, कपाळाला एकच राख-तेल फासायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत मान हलवता येणार नाही इतक्या जवळ कोंडून ठेवायचं. याला तात्याबा 'ओळख लावणं' म्हणायचा. ओळख लावल्याशिवाय त्यानं उभ्या आयुष्यात दोन एडके एकत्र सोडले नाहीत. एकदाच सोडले.

त्या दिवशी सकाळी सात वाजता मी वस्तीवर आलो होतो. वहिनी मेंढरं घेऊन रानात गेली होती, वैष्णवी कारखान्यात, तू चिंचोळीला कामावर. माझ्या गाडीत एक तांबूस एडका होता, टेंभुर्णीच्या बाजारातून आदल्या दिवशी आणलेला. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. फौजदाराला नाही, वहिनीला नाही, झीनतलाही नाही. एका हॉटेलवाल्याला दोन तोलामोलाचे एडके हवे होते, पण तो आधी फसला होता, म्हणाला, "लोकर विकू नका मला, कातरून दाखवा." मी तात्याबाला म्हटलं, तुझा मल्हारी आणि हा, दोन्ही कातर, मी अक्कलकोटला जाऊन साडेनऊपर्यंत परत येतो. तो म्हणाला, "मग उद्या ने. ओळख लावायला लागंल." मी म्हणालो, "राख फासलेला माल कोण घेईल? आजच न्यायचेत. आणि त्यांना कुठं संसार करायचाय? दुपारी कापायचेत." तो हसला नाही. म्हणाला, "येगळं बांधून ठिवतो मग." तेवढी अक्कल त्यानं वापरली होती. ती वापरून तो वाचला असता.

साडेनऊला मी फाट्याजवळ येऊन फोन केला. "झालं का रे?" तर म्हणतो, "झालं की. लई नागडी दिसाया लागली दोगं. तुज्या हाटेलवाल्याला लाज वाटंल." मी खूश होतो. मी म्हटलं, सोड आता, पाणी पाज. विकायच्या आधी पाणी पाजलं की पोट गच्च दिसतं, जनावर भारी वाटतं. हा आमच्या धंद्यातला जुना डाव. तो म्हणाला, "दोगं येकदम?" हा प्रश्न त्यानं नीट, सावकाश विचारला होता, ऋतुराज. माझ्या कानांनी तो नीट ऐकला. मी म्हणालो, "एकदम. मी आलोच."

त्यानं फोन खिशात टाकला. बंद केला नाही. दावं सुटल्याचा आवाज आला, खुरं दगडावर वाजली. मग दोन्ही एडके मागे हटले; हटताना त्यांच्या नाकातून जो आवाज येतो तो मी ओळखतो. तात्याबा ओरडला, "ए मल्हारी! ए! थांब, आरं थांब की!" तो मधे गेला होता. दोन शिंगं आपटल्याचा आवाज कोरडा असतो, वाळलेलं लाकूड फोडल्यासारखा. मी पहिली टक्कर ऐकली, ती कोरडी नव्हती. ती ओली होती. मग डोणीवर काहीतरी आपटलं. मग पुन्हा एक टक्कर, पुन्हा ओली. मी फोनमध्ये ओरडत होतो, सोड त्यांना, बाजूला हो, आणि माझा आवाज त्याच्या खिशात, त्याच्या छातीवर. नंतर नुसता घरघर श्वास. गाडी मी किती पळवली मला आठवत नाही. फोन मी कापला नाही. तुमच्या वस्तीचा वळणाचा लिंब दिसला तेव्हा श्वास थांबला.

मी पोचलो तेव्हाही ते लढत होते. तात्याबा डोणीला टेकून पडला होता, आणि ते त्याच्या पायांवरून मागे हटत होते, त्याच्या पायांवरून धावत होते. दोघांच्या कपाळांवर रक्त होतं, त्यातलं त्यांचं किती आणि त्याचं किती कळत नव्हतं. मल्हारीचं एक शिंग मुळातून हललं होतं. मी जॅकचा लोखंडी दांडा काढला. तांबूस एडक्याच्या पायावर घातला, तो गुडघ्यावर आला, तरी पुढे सरकत होता. मग मी डोक्यात घातला. मल्हारी पडलेल्यालाही धडका देत राहिला. त्याला मागच्या पायांनी ओढून गाडीत टाकला. मग मी तात्याबाचे डोळे मिटले. त्याच्या खिशातला फोन अजून चालू होता, तो बंद केला. त्याच्या फोनवरचं ते लाल बटण मी पहिल्यांदाच दाबलं.

आणि मी निघून गेलो. आरडाओरडा केला नाही, कुणाला हाक मारली नाही. दोन्ही एडके गाडीत होते. माझ्या गाडीत रक्त होतं. माझ्या गाडीत रोजच रक्त असतं, कोण विचारणार? दहा वाजता मी दुकानात होतो. हॉटेलवाल्याला सांगितलं, माल वाटेत जखमी झाला, कापून देतो. बारा वाजेपर्यंत दोन्ही एडक्यांचं मटण झालं होतं. साडेबाराला वहिनीचा फोन आला, आणि मी हात धुऊन, पहिल्यांदाच ऐकतोय असा, वस्तीवर धावत आलो. पुढे फौजदारानं विचारलं, अकरा मिनिटांचा फोन कसला? मी म्हणालो, साहेब, तात्याबाला फोन बंद करता येत नव्हता, अख्ख्या गावाला विचारा. गाव हो म्हणालं. तुझी आईही हो म्हणाली, रडता रडता थोडी हसली सुद्धा.

मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो की मी घाबरलो होतो. गावात त्या दिवसांत वातावरण तापलेलं होतं, मी बाहेरचा, नाव गौस, एडका माझा, रक्त माझ्या गाडीत, कुणी माझं ऐकलं नसतं. ते खोटं नाही. पण भीती मला दुपारी वाटली. सकाळी गाडी वळवताना डोक्यात एकच गोष्ट होती: गिऱ्हाईक दहाला येणार. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

मला वाटलं, सोमशेखरला सोडलंय, आता सगळं थंड होईल, मग हळूच सांगू. तो सुटल्याच्या बाराव्या दिवशी तू त्याला एसटीच्या थांब्यावर गाठलंस. मी समोरच्या टपरीवर चहा घेत होतो. तू त्याच्या पायावर पहिला घाव घातलास, तो बसला, त्यानं हात वर केला, आणि तू तो हात बाकावर दाबून तोडलास. तीन घाव लागले. तू ओरडत होतास, "बाप मारला आनी एडकाबी न्हेला! कुटाय आमचा मल्हारी? बोल!" बाकाखाली पडलेल्या पंजाची बोटं हलत होती. तो रडत म्हणत होता, "मला एडका म्हाईत न्हाय रं. आईच्यान न्हाय." त्या गर्दीत तो खरं बोलतोय हे एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्याच्या हातात चहाचा कप होता. तुझा वकील मी दिला, वहिनीच्या दारात मी धान्य टाकलं, वैष्णवीला कामाला मी लावलं. वस्तीवर सगळे म्हणतात, गौसचाचा नसता तर काय झालं असतं. खरंच, काय झालं असतं?

तू म्हणशील, म्हातारा सोमशेखरला वाचवायला गोष्ट रचतोय. म्हणून खूण सांगतो. त्या दिवशी डोणीजवळ कातरलेली लोकर तशीच पडली होती. मटण मी नेलं, लोकरीकडे माझं लक्षच गेलं नाही. तिला हल्ली कुणी किंमत देत नाही ना. वहिनीनं मात्र ती गोळा केली, तात्याबाच्या हातची शेवटची कातरण म्हणून धुतली, पिंजली, आणि सणगराकडून घोंगडी विणून घेतली. विणणारा म्हणाला होता, "वैनी, एका एडक्याची एवढी लोकर?" ती म्हणाली, "मल्हारी थोराड व्हता." ती घोंगडी तिनं पाच वर्षं कुणाला पांघरू दिली नाही, तू आलास की तुझ्या खांद्यावर घालणार आहे. तेव्हा ती उजेडात धर. काळ्यात तांबूस पट्टे दिसतील. वहिनीला वाटतं, काळी लोकर उन्हानं करपून लाल पडलीय. पण तू तात्याबाचा मुलगा आहेस. उन्हानं करपते ती टोकाला, मुळाशी काळीच राहते. एक धागा उसवून बघ. तो मुळापासून तांबूस आहे. तुमच्या वाड्यात तसलं जनावर कधी नव्हतं.

हे सगळं मी तुला समोर बसूनही सांगू शकलो असतो. सोमवारी गाडी घेऊन दारात उभा राहिलो असतो, वाटेत सांगितलं असतं. पण मी मला ओळखतो. तुझा चेहरा बघितला असता, तू 'चाचा' म्हणाला असतास, आणि मी खिम्याचं काहीतरी बोललो असतो. पाच वर्षं तेच केलं. आणि तोंडानं सांगितलेलं मी दुसऱ्या दिवशी फिरवू शकतो. मी व्यापारी आहे, शब्द फिरवणं मला जमतं. म्हणून कागद, आणि म्हणून तिथला पत्ता, जिथे प्रत्येक पत्र आधी कुणी तरी सरकारी माणूस वाचतो आणि त्यावर शिक्का मारतो. साहेब, शिक्का नीट मारा. ह्याचीच दुसरी प्रत मी उद्या सकाळी स्वतः ठाण्यात नेऊन देणार आहे, आणि तिथून सोमशेखरच्या दारात. त्याला कुऱ्हाड खाली ठेवायला सांगायचा हक्क मला नाही, पण ती कुणावर उचलायची ते त्याला कळायला हवं. ठाण्यानं ठेवून घेतलं नाही तर सोमवारी मी घरीच असेन. झीनतला मी माहेरी पाठवलंय. तू सोलापुरात उतरलास की सोमशेखरच्या रस्त्याला लागण्याआधी माझं घर लागतं. दार उघडंच ठेवतोय. पण आधी वस्तीवर जाऊन घोंगडी बघ, मग ये.

तुझाच,
गौसचाचा